बाविसावं पत्र

नसीमबानू डिसेंबरात गेल्या तेव्हा पाचवी ब चं पुस्तक सतराव्या पत्रापर्यंत आलं होतं. पत्रं एकूण बावीस. त्यांचे यजमान कासिमभाई यांचंही ऐकून तिथवरच झालं होतं.

नसीमबानू शनिवार पेठेतल्या एका मराठी शाळेचं वाचनालय सांभाळायच्या. दर शनिवारी शेवटच्या तासाला त्या पुस्तकातलं एखादं पात्र होऊन पाचवीच्या वर्गात जायच्या. पोरांना वाचायची गोडी लागावी म्हणून. दर वर्षी नवं पुस्तक, नवं सोंग. एका वर्षी राणी झाल्या, एका वर्षी दरोडेखोर, एकदा उंट. उंटाच्या वर्षी त्यांना रिक्षावाले घेत नव्हते. यंदा त्या गोंदू टपाले नावाचा पोस्टमन होत्या. गोंदूचा चष्मा पहिल्याच दिवशी विहिरीत पडतो. मग तो प्रत्येक पत्र ज्याचं त्यालाच मोठ्याने वाचायला लावतो आणि आपण शेजारी उभा राहून ऐकतो.

शुक्रवारी संध्याकाळी घरी सराव असायचा. नसीमबानू उद्याचं पत्र वाचायच्या आणि कासिमभाई लसूण सोलत ऐकायचे. कासिमभाईंना वाचता येत नव्हतं. आकडे येत होते. मार्केट यार्डात अडतीस वर्षं ते तोलणार म्हणून कामाला होते. पोतं काट्यावर चढलं की वजन ते ओरडून सांगायचे, लिहायचा दुसराच कोणीतरी. लग्नानंतर नसीमबानू म्हणाल्या होत्या, मी शिकवते. कासिमभाई म्हणाले, उद्या. एकेचाळीस वर्षं ते उद्याच म्हणत राहिले. वाचून दाखवणारं माणूस घरात असल्यावर घाई कसली?

नसीमबानूंचा चाळिसावा दिवस झाल्यावर कासिमभाईंनी कपाटातली टपालाची पिशवी काढली. आत खाकी शर्ट, टोपी, सायकलची घंटी, इलॅस्टिक लावलेली काळी मिशी आणि चार पाकिटं निघाली. कोपऱ्यात अठरा, एकोणीस, वीस, एकवीस असे आकडे. नसीमबानूंनी आधीच तयार करून ठेवली होती.

मुलगा रियाज म्हणाला, "द्या अब्बा, मी वाचतो."

रियाजने अठरावं पत्र साडेतीन मिनिटांत संपवलं. मध्ये एक फोनही घेतला.

"झालं. चांगलंय," तो म्हणाला.

नसीमबानूंना एका पत्राला अर्धा तास लागायचा. लिहिणारा जिथे लिहिता लिहिता थांबला असेल तिथे त्या थांबायच्या. कासिमभाईंनी "मग?" म्हटल्याशिवाय पुढे जायच्या नाहीत. कासिमभाईंनी कागद घडी करून पाकिटात घातला आणि रियाजला म्हणाले, "राहू दे. तुला कामं असतात."

त्यांना उरलेलं पुस्तक ऐकायचं होतं. पण असं नाही. आता नसीमसारखं वाचणारं कोण, हा प्रश्न होता. त्यावर त्यांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की पाचवी ब ला वाचायला नसीमनेच शिकवलंय. ती थांबायची तिथे थांबणारी चौतीस पोरं शनिवार पेठेत बसली होती.

मुख्याध्यापिका मंदाकिनीबाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि नसीमबाईंबद्दल चार वाक्यं बोलल्या. मग विचारलं, "काम काय काढलंत?"

"पोरांचं पुस्तक अर्धवट राहिलंय. मी येतो टपाले होऊन."

"तुम्ही वाचून दाखवणार?"

"टपालेचा चष्मा विहिरीत पडलाय," कासिमभाई म्हणाले. "वाचणार पोरं."

"अगदी नसीमबाईंसारखं बोललात. या शनिवारपासून या."

नसीमबानूंचा शर्ट कासिमभाईंच्या एका दंडात जेमतेम गेला. त्यांनी शिंप्याकडे नवा टाकला. शिंप्याने माप घेताना विचारलं, "या वयात पोस्टात लागलात? कुठल्या?"

"पाचवी ब."

शिंप्याने मापाच्या वहीत तसं लिहून घेतलं.

शनिवारी ते खाकीत बसमध्ये चढले. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"रजिस्टर पत्र नाशिकला किती दिवसांत जातं?"

"माहीत नाही."

"वाटलंच," गृहस्थ म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

वर्गात शिरून कासिमभाईंनी घंटी वाजवली. चौतीस पोरांनी त्यांच्याकडे पाहिलं. पुढच्या बाकावर अपूर्वा नावाची मुलगी होती. ती उभी राहिली.

"तुम्ही टपाले नाही."

"का?"

"टपालेची मिशी काळी आहे. ही पांढरी आहे. आणि ती खरी वाटत नाही."

कासिमभाईंची मिशी तीस वर्षांची होती. त्यांनी पिशवीतून काळी काढली, आपल्या मिशीवर चढवली आणि इलॅस्टिक कानामागे अडकवलं.

"आता ठीक," अपूर्वा म्हणाली आणि बसली.

त्यांनी अठरावं पाकीट काढून समोरच्या शौनकला दिलं. शौनकने पाकीट उलटसुलट करून बघितलं. "हे माझं नाहीये. केयूरचं नाव आहे वर."

पाकिटावर नावं असतात हे कासिमभाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. नसीमबानू दर वेळी एका पोराचं नाव घालायच्या, आणि ज्याचं नाव त्याने वाचायचं.

"मग दे त्याला," ते म्हणाले.

पोरं हसली. टपालेने चुकीच्या घरी पत्र टाकणं त्यांना फार पटलं. पुढचे तीनही शनिवार ते पत्र चुकीच्या पोरालाच देत राहिले. मंदाकिनीबाईंनी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं की हा माणूस जन्मजात नट आहे.

केयूरने वाचायला सुरुवात केली. विहिरीवरच्या बाईला तिच्या भावाचं पत्र आलं होतं. 'ताई, घर विकलं' इथपर्यंत येऊन केयूर थांबला. केयूर वर बघत राहिला.

"मग?" कासिमभाई म्हणाले.

केयूर पुढे निघाला. कासिमभाई फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. घाम आल्यावर मिशी घसरते, असं त्यांनी नंतर पोरांना सांगितलं.

असे चार शनिवार गेले. इतके चांगले शनिवार आपल्याला पुन्हा येतील असं त्यांना वाटलं नव्हतं. एक बारीक तक्रार आली. पाकिटं काढताना ते मार्केट यार्डाच्या सवयीने मोजायचे. तिथे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आता पाचवी ब गणिताच्या तासालाही लाभ, दोन, तीन असं मोजत होती. गणिताच्या बाईंचं म्हणणं होतं की लाभाचा वर्ग किती हे त्यांना कोणीतरी सांगावं.

एकविसावं पत्र संपलं त्या दिवशी कासिमभाईंनी पिशवी खांद्याला लावली.

"पुढच्या शनिवारी बाविसावं. कोण वाचणार?"

कोणीच हात वर केला नाही.

"बाविसावं वर्गात नसतं," अपूर्वा म्हणाली.

"म्हणजे?"

"शेवटचं कधीच नसतं. शेवटचं ज्याने त्याने वाचनालयात जाऊन आपलं आपण वाचायचं. आणि कोणी कोणाला सांगायचं नाही. बाईंचा नियम आहे."

हा नियम कासिमभाईंना माहीत नव्हता. घरी नसीमबानूंनी त्यांना दर वर्षी शेवटसुद्धा वाचून दाखवला होता.

"पुस्तक घरी न्यायला मिळतं?"

"नाही. एकच आहे. जागेवर वाचायचं."

"मला वाचून दाखवता का? हळू आवाजात."

वर्गाने एकमेकांकडे पाहिलं. शौनक मागे वळून कुजबुजला. मग उठला आणि सगळ्यांच्या वतीने बोलला. "काका, तुम्हीच वाचा ना. आम्हाला राहवलं नाही, सगळ्यांनी आधीच वाचलंय. कोणीच कोणाला सांगितलं नाही. हा केयूर तर पोटात काही ठेवत नाही, त्यानेपण नाही."

"माझा चष्मा विहिरीत पडलाय."

"तो टपालेचा," अपूर्वा म्हणाली. "तुमचा खिशात दिसतोय."

चष्मा खिशात होता. वजनाचे आकडे बघायला केलेला. कासिमभाईंनी मिशी काढली. पांढरी मिशी आडवी होऊन बसली होती, ती त्यांनी हाताने सरळ केली.

"मला वाचता येत नाही," ते म्हणाले. "आधीपासूनच नाही. नसीमबाई घरी वाचून दाखवायच्या. सतरापर्यंत दाखवलं. पुढचं ऐकायला मी इथे आलो."

वर्गात कोणी हसलं नाही. शेवटच्या बाकावरून आवाज आला, "म्हणून पत्रं चुकत होती होय!"

"गप रे," अपूर्वा म्हणाली. ती विचारात पडली होती. नियम एका बाजूला होता, हा माणूस दुसऱ्या बाजूला. कासिमभाईंना ते तिच्या तोंडावर दिसत होतं. आपण आणखी एकदा म्हटलं तर ही पोरगी वाचून दाखवणार, हेही त्यांना दिसलं. शेवट पाच मिनिटांवर आला होता. पण बाई जाऊन दोन महिने झाले तरी चौतीस पोरं बाईंचा नियम पाळत होती, केयूरसुद्धा. तो मोडायला नेमकं आपणच आलो, हे त्यांना बरं वाटेना.

"राहू दे," ते म्हणाले. "वाचायला शिकायला किती दिवस लागतात?"

"माझ्या भावाला एक वर्ष लागलं," अपूर्वा म्हणाली. "पण तो ढ आहे."

ते तसेच मंदाकिनीबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

"म्हणजे घरात नसीमबाई स्वतःच नियम मोडायच्या."

"घरात मोडायच्या. वर्गात नाही."

"मग आता काय करता?"

"पहिलीत जागा आहे का?"

"कासिमभाई, मराठी शाळा आहे. पहिलीत जागाच जागा आहे. अकरा मुलं आहेत. बसा." मग त्यांनी थोडा विचार केला. "पटावर घेता येणार नाही. आणि खिचडी मिळणार नाही."

पहिलीच्या श्यामलाबाईंनी त्यांना बाक दिला. गुडघे बाकाखाली जाईनात, म्हणून ते आडवे बसायचे. शेजारी अयान नावाचा सहा वर्षांचा मुलगा होता. तो आपली पाटी हाताने झाकून ठेवायचा, कारण कासिमभाई बघून लिहितात असा त्याला संशय होता. संशय खरा होता. काना, मात्रा ठीक गेलं. वेलांटी कुठल्या बाजूला येते यात त्यांचा एप्रिल गेला. जोडाक्षरं आली तेव्हा ते घरी जाऊन झोपले. सून आलिया रोज विचारायची, "अब्बा, आज काय शिकवलं?" आणि रियाज लहानपणी शाळेतून आल्यावर द्यायचा तेच उत्तर ते द्यायचे, "काही नाही."

जूनमध्ये पुन्हा तोच वर्ग, कारण दुसरीत जाण्याइतकी प्रगती नव्हती. अयान पुढे गेला. त्याने वर्गाच्या दारातून त्यांना हात केला.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी ते वाचनालयात गेले. अपूर्वा आता सहावीत होती आणि शनिवारी पुस्तकं द्यायला तीच बसायची. तिने न विचारता पुस्तक काढून दिलं, शेवटची पानं उघडून ठेवली, आणि खिडकीपाशी पाठ करून बसली.

बाविसावं पत्र दोन पानांचं होतं. कासिमभाईंनी ते बोट ठेवून, ओठ हलवत वाचलं. पुष्कळ ठिकाणी थांबले. त्यातल्या किती थांबण्याच्या जागा होत्या आणि किती ठिकाणी नुसतंच अडलं, हे त्यांना सांगता आलं नसतं. पहिलं पान त्या शनिवारी झालं. दुसरं पुढच्या. संपल्यावर त्यांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. अपूर्वाने वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी जेवताना रियाज म्हणाला, "वाचलं म्हणे तुम्ही. काय झालं शेवटी त्या पोस्टमनचं?"

कासिमभाईंनी घास संपवला, पाणी प्यायले.

"वाचनालय शनिवारी साडेअकरापर्यंत उघडं असतं," ते म्हणाले.