पोटात ठेवलेले मत

मित्रांनो, मी एक जुनी मतपेटी आहे. पत्र्याची, निळ्या रंगाची, वर बारीक फट असलेली. धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्या कारागिराने उरलेल्या पत्र्यातून मला घडवले. कोणाचे बोट कापू नये म्हणून त्याने फटीच्या कडा कानशीने घासघासून गुळगुळीत केल्या होत्या.

माझा मुक्काम शाळेच्या कपाटात, खडू आणि नकाशांच्या शेजारी. गाव एवढेसे! कोणाच्या घरी कोण रुसले आहे, हेसुद्धा सगळ्यांना ठाऊक. मतदानाच्या आदल्या दिवशीच किराणा दुकानाच्या पायरीवर लोक बोटांवर निकाल मोजून मोकळे होत आणि तो बहुतेक बरोबर निघे. "पेटी आपली नावाला," असे म्हणून ते मला चिडवत.

मग दवाखान्यात नव्या नर्सबाई आल्या. शहरातून, एकट्याच. शाळेच्या मास्तरांनीच धावपळ करून त्यांचे नाव मतदारयादीत घालून घेतले. "बाई, आता तुम्ही आमच्यातल्या झालात," ते म्हणाले. बाईंचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.

त्याच वर्षी गावापुढे प्रश्न आला. शाळा इथेच चालवायची, की बंद करून मुलांना शहरातल्या मोठ्या शाळेत पाठवायचे? ठरवण्यासाठी गावाने मतदान ठेवले. बाईंनी आपले इथले पहिले मत शाळेच्या बाजूने दिले. त्यांच्या मागून मास्तर आले आणि त्यांनी विरुद्ध दिले. होय, मास्तरांनीच! शाळा बंद झाली की त्यांची बदली मुलीच्या गावी होणार होती, आणि एकट्याने हाताने रांधून खायला ते कंटाळले होते.

शाळा एका मताने बंद पडली. पायरीवर पुन्हा बोटे मोजली गेली; हिशेबाप्रमाणे शाळा एका मताने वाचायला हवी होती. जुन्या माणसांवर संशय कोण घेणार? "बाहेरची ती बाहेरचीच," असे ठरून गेले. मग तापाने फणफणलेले पोर कडेवर घेऊन बायका दवाखान्यावरून पुढे जात आणि शहराची गाडी पकडत. बाई दारात नुसत्या उभ्या असत. बदली होईपर्यंत मास्तर रोज मान खाली घालून तिथूनच गेले. गुपित राखणे हे माझे काम, हे खरे. तरी बाईंची आठवण झाली की मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे.

पुढच्या निवडणुकीला मास्तर मुलीच्या गावाहून मुद्दाम मत द्यायला आले होते; त्यांचे नाव अजून इथल्याच यादीत होते. रांगेत बाई त्यांच्या पुढे होत्या. बाईंनी शिक्का मारला, पण मतपत्रिकेची घडी घातली नाही. ती उंच धरून त्या रांगेकडे वळल्या.

"बघा. नीट बघून घ्या सगळ्यांनी. नंतर माझ्या नावानं बोटं मोजू नका."

"अहो ताई, घडी घाला!" अधिकारी ओरडले. "दाखवलेलं मत बाद होतं."

"होऊ दे बाद. मागचं मोजलं होतं, तरी मानलं कुणी?"

मास्तर रांगेत एक पाऊल मागे सरले. अधिकाऱ्यांनी ती मतपत्रिका बाजूला ठेवली आणि बाई निघून गेल्या.

मित्रांनो, कोणी कोणाला मत दिले हे कधी विचारू नका. पण तुमच्या मताचे खापर दुसऱ्याच्या माथी फुटत असेल, तर गप्पही बसू नका. माझे तोंड फक्त घेण्यासाठी बनवले आहे. तुमचे तसे नाही.