समुपदेशन कक्षाबाहेरचा बाक

मित्रांनो, मी एक म्हातारा लाकडी बाक. माझा डावा पाय आखूड आहे, तेव्हा डुगडुगण्याची जुनी सवय बोलण्यात उतरेल; सांभाळून घ्या. कॉलेजच्या सुताराने जुन्या दारांच्या फळ्या जोडून मला केलं. ग्रंथालयाबाहेर बरीच वर्षं मजेत गेली. मुलं माझ्यावर बसून डबे खायची, एकमेकांची टर उडवायची. मग स्टीलच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी समुपदेशन कक्षाबाहेर झाली, थेट परीक्षा विभागाच्या रांगेसमोर.

इथे मी खरा थकलो. इथली पोरं अंग चोरून बसतात, तरी त्यांचं ओझं जाणवतं.

दारावरचे शिपाईकाका पूर्वी परीक्षा विभागात हॉल तिकिटं वाटायचे. ती सवय काही जाईना. यादी घेऊन ते पूर्ण नाव, वर्ग, हजेरी क्रमांक खणखणीत आवाजात पुकारायचे. समोरची अख्खी रांग वळून बघायची. ज्याचं नाव असेल ते पोर मान खाली घालून उठायचं आणि भलतीकडेच चालू लागायचं. समुपदेशक बाई आत ताटकळत बसायच्या. प्राचार्य येता-जाता मला रिकामा बघून म्हणायचे, आपली मुलं खंबीर आहेत, हा कक्ष हवाच कशाला?

दुसऱ्या वर्षाची एक मुलगी तीन दिवस आली आणि तशीच परतली. चौथ्या दिवशी तिच्या हातात कॉलेज सोडण्याचा अर्ज होता. नखं कुरतडून बोटं लाल झाली होती. काका यादी घेऊन आले, त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि नाव न पुकारता यादी मिटली. मग माझ्यावर येऊन टेकले.

"पोरी, तीन दिवस तुला मीच पळवून लावलं," ते हळूच म्हणाले. "चुकलं माझं."

हातातल्या अर्जाकडे बघत ती म्हणाली, "काका, आत जाऊन सांगू काय? मलाच कळत नाहीये काय होतंय ते."

"झोप लागत नाही, एवढंच सांग. पुढचं बाई विचारतील."

ते उठले आणि रांग व ती यांच्या मध्ये, दाराकडे पाठ करून उभे राहिले. ती आत गेली.

तासाभराने बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते. पुढच्या सोमवारची वेळ तिने काकांकडून लिहून घेतली. अर्जाची घडी घालून माझ्या आखूड पायाखाली सरकवली. कित्येक वर्षांनी माझं डुगडुगणं थांबलं.

मित्रांनो, मला रंग नको, नवा पाय नको. फक्त रांगेला दिसणार नाही असं, व्हरांड्याच्या वळणापलीकडे नेऊन ठेवा आणि नावं हळू घ्या. आणि कधी मी रिकामा दिसलो, तर सगळी मुलं बरी आहेत असं समजू नका.