दहापैकी दहा

क्लाइव्ह बॅगलीची हॅल्डन गाडी रविवारी सकाळी चर्चमागच्या गल्लीत ट्रकवरून उतरली आणि तिथून पबच्या आवारापर्यंतचं दीडशे पावलांचं अंतर स्वतःच्या बळावर चालून आली. हॅल्डन मालकांच्या क्लबात ही रीतच होती. रस्त्यात गाडी बसली की गुरमेल संधूला फोन करायचा. त्यानं ती ट्रकवर घालून चर्चमागे आणायची, दुसऱ्या बॅटरीच्या तारा जोडून जिवंत करायची, आणि मग मालकानं काच खाली करून, कोपर बाहेर काढून, जणू थेट घरूनच निघालोय अशा थाटात आत शिरायचं. ठाऊक सगळ्यांना असायचं, विचारायचं कुणी नाही. संधूला क्लबानं मानद सभासद करून घेतलं होतं. हॅल्डनमुळे भरभराट झालेला तो जिल्ह्यातला एकमेव माणूस होता.

"या महिन्यात तिसऱ्यांदा, सेक्रेटरीसाहेब," तारा गुंडाळत संधू म्हणाला. "आता मी तुमच्या घराशेजारीच खोली बघतो."

एरवी क्लाइव्ह हसला असता. आज त्याच्या डोक्यात जाळ होता. हॅल्डनच्या कारखान्यात तपासणी विभागात काम करणाऱ्या त्याच्या मुलीचा, हेझलचा, आदल्या दिवशी फोन आला होता. तो विभागच बंद करायचा घाट होता. अडतीस माणसं घरी जाणार. सोमवारी नऊला वरच्यांची बैठक, त्यात शिक्का. त्याच विभागात क्लाइव्हनं एकोणतीस वर्षं काढली होती. पांढऱ्या दिव्यांखाली प्रत्येक दारावरून तळहात फिरवायचा आणि बोट अडखळलं की खडूनं गोल करायचा. त्या खडूला व्यवस्थापक टरकून असत.

आणि आज मालकांची मतं ऐकायला कंपनीची बाई क्लबात येणार होती. क्लाइव्हनं काखेत जाडजूड फाइल मारली होती. आज तो कुणाची भीड ठेवणार नव्हता.

पबच्या वरच्या खोलीत इमोजेन फेअरली वही उघडून बसली होती. तिशीची, शांत, नीटनेटकी. परकं माणूस समोर आल्यामुळे क्लबाला नेहमीप्रमाणे ऊत आला होता.

"काय गाडी आहे," माल्कम थर्कल सांगत होता. हा निवृत्त दंतवैद्य, क्लबाचा अध्यक्ष. "दार लावल्याचा आवाज ऐका नुसता."

"उघडल्याचा ऐकव ना," क्लाइव्ह दारातूनच म्हणाला. "तुझं डावं दार दोन वर्षं उघडलेलं नाही. बायको मागच्या सीटवरून रांगत पुढे येते, माल्कम. सत्तरीची बाई."

माल्कमनं बिअरच्या फेसाकडे असं पाहिलं की जणू तिथे कीड लागलेली दाढ होती.

क्लाइव्हनं फाइल टेबलावर आपटली. "बाईसाहेब, माझा गिअरबॉक्स तीनदा बदलला. पाऊस पडला की छत आतून रडतं. आमच्या क्लबाचा हा पितळी बिल्ला बघा. धोक्याच्या पिवळ्या दिव्यावर बरोब्बर बसतो. तसाच करून घेतलाय, कारण दिवा कधी विझतच नाही. आणि तुम्ही तपासणीवाल्यांनाच घालवायला निघालात? लाज वाटत नाही?"

इमोजेन चिडली नाही. तिनं बॅगेतून एक गठ्ठा काढून त्याच्यापुढे सरकवला. "हे अक्षर तुमचंच ना?"

अक्षर त्याचंच होतं. दर जानेवारीत कंपनी मालकांकडून गुण मागवायची. अकरा वर्षांचे अकरा फॉर्म. इंजिन, दहापैकी दहा. छत, दहापैकी दहा. एके वर्षी तर त्यानं पुढे 'अप्रतिम' असंही लिहिलं होतं. ते छताच्याच पुढे होतं.

"सगळ्या क्लबाचे असेच आहेत," ती म्हणाली. "मालकांना एकही दोष दिसत नाही, मग दोष शोधायला अडतीस माणसं कशाला? वरचे असं विचारतात. माझ्याकडे उत्तर नाही."

क्लाइव्ह मटकन खुर्चीत बसला. गुण घसरले की कारखाना परदेशी जाईल, म्हणून सगळ्यांनी पैकीच्या पैकी द्यावेत, असं पत्रक दर डिसेंबरात क्लबातर्फे निघायचं. काढायचा सेक्रेटरी. त्याच्या रागाला ओरडायला समोर आता कुणीच उरलं नव्हतं. स्वतःच्या पोरीच्या नोकरीवर त्यानं दरवर्षी, चहा पीत, सुवाच्य अक्षरात फुली मारली होती.

"या वर्षीचे फॉर्म?" त्यानं विचारलं.

"थर्कलसाहेबांनी आत्ताच दिले. आज घेऊन जाते."

"परत द्या ते. कोरे किती आहेत?"

"डोकं ठिकाणावर आहे का?" माल्कम उसळला. "खरं लिहिलं तर उद्या अख्खा कारखानाच बंद करतील."

"खोटं लिहून कोण वाचलं, माल्कम? अकरा वर्षं आपण सुजलेल्या हिरडीला पावडर लावतोय. तू हे पेशंटला केलं असतंस?"

कोपऱ्यातून ऱ्होडा पेप्लो उठली. नवरा लेस्ली गेल्यापासून ती त्याची गाडी चालवत असे आणि सभेत वर्षानुवर्षं फक्त सँडविच वाटत असे.

"लेस्लीच्या अंत्ययात्रेत ही गाडी चौकात बंद पडली," ती म्हणाली. "लेस्ली पुढे गेला, मी मागे राहिले. फुलं मांडीवर. त्या वर्षीही मी दहा दिले." तिनं इमोजेनपुढे हात पसरला. "आणा माझा फॉर्म."

मग जो तो लिहीत सुटला. जागा पुरेना म्हणून लोक मागच्या बाजूला गेले, तिथून पबच्या मेन्यूच्या मागे. माल्कमनं तर डाव्या दाराची आकृती काढली. क्लाइव्ह प्रत्येक कागदावरून जुन्या सवयीनं तळहात फिरवत होता. शेवटी त्यानं पहिल्या पानावर लिहिलं की आजवरचे सगळे दहा खोटे होते आणि ते द्यायला त्यानंच सांगितलं होतं. खाली सही केली.

"याचा उपयोग होईल?" त्यानं विचारलं.

"उद्या साडेआठला, बैठकीआधी, प्रत्येकापुढे ठेवीन. पुढचं माझ्या हातात नाही."

"ठेवा तर. मेन्यूसकट."

खाली येऊन त्यानं किल्ली फिरवली. गाडीनं एक उसासा टाकला आणि संपली. त्यानं पिवळ्या दिव्यावरचा बिल्ला उचकटून खिशात घातला आणि फोन लावला.

"चर्चमागे ढकलत आणताय ना, नेहमीसारखी?" संधूनं विचारलं.

"नाही. पुढच्या दारी ये. भोंगा वाजवत ये."

नारिंगी दिवा फिरवत ट्रक आवारात शिरला तेव्हा सगळे सभासद दारात उभे होते. कुणी नजर वळवली नाही. इमोजेन गठ्ठा काखेत घेऊन जवळ आली.

"या महिन्यात कितव्यांदा?"

"चौथ्यांदा," क्लाइव्ह म्हणाला. "लिहून घ्या."

तिनं ट्रकच्या दारावर कागद टेकवला आणि लिहिलं.