बोटभर कुंकू

आमच्या घरात ‘जग’ हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. शेजारीण सिनेमाला बोलवायला आली, की हे म्हणायचे, “जग बोलावतंय.” कुणाच्या नव्या साडीवर माझी नजर जरा रेंगाळली, की “जग शिरलं बघ डोळ्यांत.” हे म्हणजे माझे यजमान प्रभाकर, उज्जैनच्या एका सरकारी कचेरीत कारकून आणि आमच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीचे कारभारी. रविवारी उपासनेत ते आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला उभे राहिले, की बायका पदरानं डोळे पुसायच्या. मीही पुसायची. माणूस बोलायचा छान, ते नाकारून कसं चालेल?

जन्मानं आम्ही दोघंही हिंदू. बाप्तिस्मा आधी ह्यांनी घेतला, मागाहून मी. माझं माहेर गावातलंच, शिंदेशाहीच्या दफ्तरात पिढ्यान्‌पिढ्या काम केलेलं. बाबांनी माझं नाव टाकलं, आईनं टाकलं नाही. एका चैत्रात तिनं निरोप धाडला, तब्येत बरी नसते, हळदीकुंकवाला ये, एकदा तुझी ओटी भरू दे.

हे माझ्याबरोबर आले आणि माहेरच्या दारातच मला थांबवून, आत आईला ऐकू जाणार नाही असं हळूच म्हणाले, “माणिक, जग राक्षसाच्या रूपात येत नाही, आईच्या रूपात येतं. आज पदर पसरलास तर तू मागे फिरलीस असं मी समजेन.” मी पदर पसरला नाही. आई खणनारळ हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, “बरं. पाणी तरी पिशील ना?” मी पाणी प्यायले आणि परत आले. त्याच पावसाळ्यात आई गेली.

ह्यांनी ती हकिगत साक्षीत सांगितली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. माझी बायको आईच्या दारातून कोऱ्या कपाळानं परत आली, म्हणायचे, आणि मंडळी ‘आमेन’ म्हणायची. मला आईचे ते खणनारळ धरलेले हात दिसायचे. अभिमानही वाटायचा, खोटं कशाला बोलू?

मग छप्पन्न साल आलं. मध्य भारत मोडून मोठं राज्य होणार, राजधानी भोपाळला जाणार. कचेरीत एकच विषय, कोण भोपाळ गाठणार आणि कोण इथंच कुजणार. ह्यांचे साहेब, भय्यासाहेब, आपली माणसं बरोबर नेणार होते. बढती आणि राहायला सरकारी क्वार्टर. ह्यांना ते हवं होतं आणि मलाही हवं होतं. आमच्या खोलीला धड खिडकी नव्हती.

नवरात्रात एका दुपारी भय्यासाहेबांच्या पत्नी अलकावहिनी स्वतः घरी आल्या. मी गडबडूनच गेले.

“अगं, फिकर नको करूस, रागवायला नाही आले मी,” त्या म्हणाल्या. “प्रभाकररावांनी सगळं सांगितलंय. पाद्र्यांच्या नादी तू लागलीस, ते बिचारे घरात झगडा नको म्हणून चूप बसतात. दर सोमवारी महाकालला आमच्या ह्यांच्या शेजारी अभिषेकाला असतात. परवा रामघाटावर पितरांना पाणीसुद्धा दिलं. इतका सज्जन नवरा, त्याची तरक्की तुझ्यामुळे अडायला नको. शुक्रवारी हळदीकुंकवाला ये माझ्याकडे, बस्स.”

सोमवारी सकाळी हे दवाखान्यात रोग्यांसाठी प्रार्थना करायला जातात, असं मला सांगितलेलं होतं. मी चहात साखर घालायची विसरले. वहिनींनी तो तसाच प्यायला, बाई भली होती.

संध्याकाळी हे आले, ते बूट काढत असतानाच मी विचारलं, “अहो, पाद्र्यांच्या नादी मी लागले?”

त्यांनी बूट भिंतीशी नीट लावले आणि म्हणाले, “थोडी दुनियादारी करावीच लागते, माणिक. मन माझं येशूपाशीच आहे. तूही चल. बोटभर कुंकू, घरी येऊन पुसून टाक.”

“मग आईचं नसतं का पुसता आलं?”

“ते वेगळं होतं.”

काय वेगळं? मला कळलं. आईच्या हातात बढती नव्हती.

तरीही शुक्रवारी मी गेले. रागानं गेले म्हणावं, तर तसंही नाही. मला मोह झाला होता. गजरे, वाटली डाळ, एकमेकींच्या साड्या चाचपणाऱ्या बायका; किती वर्षांनी कुणी मला “ये गं, इथं बस” म्हणालं होतं. अलकावहिनींचं बोट कपाळाशी आलं आणि मी डोळे मिटून घेतले. घ्यायचंच होतं मला. कुणाला काय फरक पडणार होता?

आणि मी त्यांचा हात धरला. “नको वहिनी. मी ख्रिस्ती आहे.”

वहिनींना ते लागलं. बाहेरच्या खोलीत पुरुषमंडळी बसली होती, तिकडे त्यांनी हाक मारली, “प्रभाकरराव, तुम्हीच समजवा हो हिला!”

हे दारात आले. कपाळावर गंध होतं. मागे भय्यासाहेब उभे. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, सरळ डोळ्यांत पाहिलं, आणि म्हणाले, “मी काय सांगणार वहिनी? पहिल्यापासून अशीच हट्टी. मी सांगत होतो, आईचं तरी मन राख. तिनं ओटी भरायला बोलावलं, तर हिनं तिलाही दारात रडवलं.”

मला ओरडायचं होतं, पण आवाज निघाला तो अगदी बारीक. “हे खोटं आहे. बाप्तिस्मा आधी ह्यांनी घेतला. मला दारात ह्यांनीच अडवलं.”

कुणाचा विश्वास बसला नाही. का बसावा? कोरं कपाळ माझं होतं. वहिनी पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “जाऊ दे. नवऱ्यावर असं ढकलू नये गं.” बायकांनी माना हलवल्या.

मी एकटीच घरी निघाले. वाटेत येशूशी कडाकडा भांडले, तुला दुसरं कुणी भेटलं नाही का माझ्यापर्यंत यायला, म्हणून विचारलं. त्याला सोडून द्यावं असंही वाटलं, पण सोडवेना. तो आता ह्यांचा राहिला नव्हता, माझाच होता. बढती झाली, हे भोपाळला गेले, मी गेले नाही. मंडळीतल्या बायका मला धीराची म्हणतात. म्हणोत बापड्या. आई मात्र असंच समजून गेली, की तिच्या लेकीलाच ओटी नको होती.