शिशाखालचे तेवीस खटके

"सर, वर शिसं ठेवल्यावर यंत्राचे खटके कमी व्हायच्याऐवजी वाढले, तर चूक कोणाची?"

प्रश्न विचारून उत्पला खाली बसली नाही. उत्तर मिळेपर्यंत उभंच राहायचं, अशी तिच्या मैत्रिणींची, जयवंता आणि गोपिकाची, अट होती. आधीच बसली तर तिनं दोघींना तर्री-पोहा खाऊ घालायचा. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ही पोरगी हजेरीसुद्धा बाकाकडे बघून द्यायची. पण शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिच्या प्रयोगाच्या तक्त्याचा पहिला नंबर आला, आता तोच तक्ता मुंबईच्या प्रदर्शनाला जाणार होता, आणि तेव्हापासून तिची मान जी वर झाली होती ती खाली यायचं नाव घेत नव्हती.

व्यासपीठावर सायन्स कॉलेजचे प्राध्यापक होते. आकाशातून येणारे किरण टिपणारं ते यंत्र त्यांनीच शाळेला दिलेलं. त्रिकोणात बसवलेल्या तीन नळ्या. तिन्हींतून एकाच क्षणी काही आरपार गेलं तरच खटका वाजणार.

प्राध्यापक हसले. "चूक कसली? वाढायलाच पाहिजेत," म्हणाले आणि खडू घेऊन फळ्याकडे वळले. अंतराळातून सुसाट येणारा कण हवेच्या वरच्या थरात एखाद्या अणूवर आदळतो. त्या धडकेतून नवे कण जन्मतात, त्यांतले कितीतरी वाटेतच मोडून तिसरेच होतात, आणि आपल्यापर्यंत पोचतो तो पहिल्याचा वंश. आत्ता या हॉलमध्ये प्रत्येकाच्या तळहातातून सेकंदाला एखादा तरी आरपार जातोय, असं ते म्हणाले तेव्हा पोरींनी पटापट मुठी मिटल्या.

"आणि शिसं म्हणजे फार दाट हवा समजा. हवेत अर्ध्या मैलात जे घडतं, ते इथे बोटभर जाडीत उरकतं. एक आत शिरतो, दहा-वीस बाहेर पडतात. त्रिकोणातल्या तिन्ही नळ्या एकट्याला गाठता येत नाहीत. घोळका आला तरच खटका. शिसं फार जाड केलंत, तर मग घोळकाही आतच विरतो." मग त्यांची नजर भिंतीवरच्या तक्त्यावर गेली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पण मुली, तू तर शिशाखाली दोनच खटके लिहिलेत."

उत्पला बसली. उत्तर मिळालं होतं, म्हणजे पैज तिनंच जिंकली होती.

तो दोनचा आकडा तिच्याच मनचा होता. विज्ञानाच्या ढोमणे सरांनी सांगितलं नव्हतं, कोणीच सांगितलं नव्हतं. प्रदर्शनाआधी एका रविवारी प्रयोगशाळेत तिघी मोजायला बसल्या होत्या. शिशाशिवाय तासाला सहा खटके. मग बाबांनी आणलेले शिशाचे पत्रे, एकावर एक सात, बोटभर जाडीचे. तासाला तेवीस. जयवंता म्हणाली, यंत्राले पिसं लागलं. पुन्हा मोजलं, पुन्हा तेवीसच्या आसपासच.

घरी येऊन तिनं बाबांना विचारलं होतं. चंद्रभान रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत सतरा वर्षं काम करत होते. जुन्या खोलीच्या दाराचे पत्रे त्यांनी डॉक्टरांच्या परवानगीनं सायकलवर बांधून आणले होते. ते हातातली भाकर ताटात ठेवून म्हणाले होते, "शिशाखाली किरण वाढतीन कसे वं? मी रोज त्याच्याच भरोशावर उभा राहतो." बाबांसमोर तेवीस हा आकडा तिला लाजिरवाणा वाटला. तिनं तो खोडला आणि तिथे दोन लिहिलं. शोभेल असं.

आता इंदोऱ्यातल्या घरापर्यंतच्या वाटेवर मैत्रिणींची बडबड तिच्या कानात शिरत नव्हती. सभा संपल्यावर फाटकापाशी तिनं प्राध्यापकांना एकच विचारलं होतं, दवाखान्यातला शिशाचा एप्रनही किरण वाढवतो का. नाही, ते म्हणाले होते. एक्स-रेत तेवढा जोर नसतो, शिसं त्यांना गिळून टाकतं. वडलांना सांग, एप्रन कधी काढू नका. तेवढा एक काटा निघाला. दुसरा तसाच रुतून होता. प्राध्यापकांनीच जाता जाता विचारलं होतं, "मूळ वही आहे का गं?" तिनं दप्तर छातीशी ओढून घेतलं होतं आणि मैत्रिणींना गाठलं होतं.

घरी मायनं, इंदूबाईंनी, मुंबईसाठी पत्र्याची पेटी पलंगाखालून काढून पुसली होती. बाबांच्या नव्या पँटला इस्त्री चालू होती. दवाखान्यातल्या सगळ्या वॉर्डबॉयना पेढे वाटून झाले होते. खुद्द डॉक्टरांनी चार दिवसांची रजा दिली होती. बाबांनी आजवर मुंबई पाहिली नव्हती.

उत्पलानं दप्तरातून वही काढली. खोडलेली जागा दिव्यासमोर तिरकी धरली की दोनाच्या खाली तेवीस दिसत होते. पेन्सिल तिनं त्या दिवशी फार दाबून धरली होती.

"काय पाहून राहिली?" माय म्हणाली.

तिनं सगळं सांगितलं, अगदी एप्रनपासून सुरू करून, म्हणजे बाबा घाबरणार नाहीत. चंद्रभाननी वही घेतली, एक्स-रेची प्लेट बघावी तशी उजेडावर धरली. मग हळूच म्हणाले, "माह्या सांगण्यावरून खोडलं तू."

"नाही बाबा. तुम्ही फक्त कसे म्हणून विचारलं. खोडलं मी."

"कोणाले दिसते वं हे," माय पेटीवर हात ठेवून पुटपुटली. "जाऊन या दोघं."

उत्पलाचा आवाज हॉलमधल्यासारखाच निघाला.

"मी मुंबईले येत नाही, बाबा. उद्या तो तक्ता मीच माह्या हातानं उतरवणार अन् ही वही ढोमणे सरांपुढं ठेवणार. रविवारी पुन्हा मोजणार, तुमचेच पत्रे लावून. तुम्ही बाजूले बसा. खटके तुम्ही मोजा."