पांढरी पँट आणि हिरवं विष

"विष! बघा बायांनो, विष बाहेर आलं!"

माई ल्युमिनाने हातातली पट्टी उंच धरली आणि तंबूतल्या साठ-सत्तर बायांच्या तोंडून एकदम 'आऽऽ' निघाला. निघणारच! आत्ताच तर त्या पांढऱ्याशुभ्र कापसाच्या पट्टीवर माईने चांदीच्या सुरईतलं लालभडक पाणी ओतलं होतं. ते पाणी पट्टीत मुरलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हिरवं झालं. डबक्यातल्या शेवाळासारखं, काळपट हिरवं.

"हे लाल पाणी म्हणजे चंद्राचं पाणी," माई म्हणाली. तिचा आवाज मधात बुडवून काढल्यासारखा होता. "प्रत्येक मुलीच्या पोटात असतं. त्यात विष असतं, आणि पहिल्या पाळीला सगळ्यात जास्त! दुकानातली पॅडं ते विष आत कोंडतात. माझी चंद्रपट्टी काय करते?"

"ओढून काढते!" पुढच्या रांगेने शाळेतल्या कवितेसारखं एका सुरात म्हटलं.

अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या त्या काउंटीच्या जत्रेत दरवर्षी सगळ्यात जास्त गर्दी भल्यामोठ्या भोपळ्यांपाशी असायची. या वर्षी भोपळे बिचारे एकटे पडले होते.

तंबूच्या मागच्या बाजूला साडेबारा वर्षांची हाना लोर्ना आत्याच्या पाठीशी लपून उभी होती. दुपारी चार वाजता तिला पहिल्यांदा पाळी आली होती, तीही जत्रेच्या संडासात. तिने ते फक्त आत्याच्या कानात सांगितलं. आत्याने ते लिंबू सरबताच्या अर्ध्या रांगेला सांगितलं.

खरी अडचण पाळीची नव्हतीच. खरी अडचण होती पांढऱ्या पँटची.

उद्या सकाळी आठ वाजता हानाला तिची गाय नटमेग घेऊन गायींच्या स्पर्धेच्या रिंगणात उतरायचं होतं. नटमेग पहिलारू होती, नुकतीच व्यालेली. ती एवढीशी वासरी होती तेव्हापासून हानाने तिला बाटलीने दूध पाजलं होतं, दोरीला चालायला शिकवलं होतं. आणि दुभत्या गायींच्या रिंगणात पोरांनी पांढरा शर्ट आणि पांढरी पँटच घालायची, असा नियम. का? तर दुधाचा धंदा, स्वच्छता दिसली पाहिजे! ज्याने कोणी हा नियम केला त्याला आयुष्यात कधी पाळी आली नसणार, एवढं नक्की.

गंमत बघा. नटमेग कधी माजावर येते ते हानाच्या वहीत तारीखवार लिहिलेलं होतं. दर एकवीस दिवसांनी लाल पेनाने फुली. गाईबद्दल घरात जेवताना सगळे मोठ्याने बोलायचे, बटाटे वाढता वाढता. हानाबद्दल मात्र कोणी एक अक्षर काढलं नव्हतं. आई-बाबा घरी उरलेल्या गायींची धार काढायला थांबले होते आणि इथे होती फक्त आत्या.

आत्या पुढे घुसली. "माई, आमची पोरगी... आजच... आणि उद्या पांढरी पँट."

"ये बाळ." माईने हानाच्या कपाळाला बोट लावलं. "रात्रभर एकच पट्टी. बदलायची नाही. पहाटेपर्यंत उघडून बघायची नाही. खाज सुटली तर समज, विष निघतंय. पहाटे हिरवी दिसली तर तू मोकळी."

"आणि हिरवी नाही झाली तर?" हानाने विचारलं.

माईने डोळे मिटले. "लाल राहिली तर विष आतच आहे. मग सात रात्री, सात पट्ट्या. आणि तोवर अशा मुलीने दुभत्या जनावराला हात लावायचा नाही. दूध नासतं."

आत्याने तीन पट्ट्या घेतल्या. वर माईने प्रत्येकीला देतात तसा शुद्धीचा चहा दिला, झाकणाच्या पेल्यात. लाल आणि आंबटढाण. हानाने एक घोट घेतला आणि उरलेला तसाच ठेवून दिला.

जत्रेत गाय असली की पोरं गोठ्यातच झोपतात, गाईच्या शेजारी खाटा टाकून. हाना रात्रभर लाकडासारखी उताणी पडून राहिली. कूस बदलावी तर काय होईल? उठावं तर काय होईल? खाली ओलं लागत होतं, आग आग होत होती, खाजेने जीव नकोसा झाला होता. दोनदा वाटलं, बघावं. पण बघायचं नाही असं सांगितलंय ना. ती वरच्या पंख्याकडे बघत राहिली आणि मनात म्हणत राहिली, हिरवी हो, प्लीज हिरवी हो.

पावणेपाचला धारेची वेळ झाली. आत्या बॅटरी घेऊन आली. "चल, बघू."

चादरीवर डाग. पायजम्यावर डाग. पट्टी तर बोळा होऊन एका बाजूला सरकलेली. आणि तिचा रंग? तपकिरी लाल. हिरव्याचा ठिपकासुद्धा नाही.

आत्याचं तोंड पांढरं पडलं. तिने खुंटीवरची नटमेगची दोरी काढून स्वतःच्या खांद्यावर टाकली. "तू आज रिंगणात जायचं नाहीस."

"आत्या, असं नको ना करू!"

"मी दुष्ट आहे का गं? उद्या गाईचं दूध गेलं तर तुझ्या बापाला काय सांगू? ती पट्टी खळबळून आण. डाग दिसेलच, माईला दाखवू."

आत्या नटमेगला पाणी पाजायला गेली. हाना गायी धुण्याच्या शेडमध्ये उकिडवी बसली आणि बादलीत पट्टी खळबळायला लागली. तिला रडू आवरेना. दोन वर्षं! अख्खी दोन वर्षं त्या गाईच्या मागे धावली, आणि आता स्वतःच्याच अंगाने दगा दिला. कोणाला सांगणार? आईचा फोन धारेच्या वेळी कधीच लागत नाही.

नाक पुसायला तिने खिशातून रुमाल ओढला, तशी त्याबरोबर एक पिवळी कागदी पट्टी बादलीत पडली. धारेआधी दूध तपासायची पट्टी. तिच्यावर दुधाचा थेंब टाकायचा. पिवळी राहिली तर दूध चांगलं. हिरवी-निळी झाली तर गाईला दगडी झालीय, कास सुजणार. हाना रोज सकाळी हेच करायची.

बादलीतली पिवळी पट्टी हिरवी झाली. मग निळी.

हाना किंचाळलीच. "मला दगडी झाली!"

शेजारच्या नळावर सोळा वर्षांची ऑटिली गाईची शेपटी धूत होती. तिच्या हातातून पाइप सुटला आणि पाण्याचा फवारा थेट तिच्याच तोंडावर. "काय झालं तुला?"

"दगडी! बघ ना, पट्टी निळी झाली. माझ्या रक्तात..."

ऑटिली इतकी हसली की भिंतीला धरून खाली बसली. "बाई गं! दगडी व्हायला आधी कास लागते! आणि तुला ती कधी फुटली?" मग तिने हानाचे सुजलेले डोळे बघितले, पायजमा बघितला आणि हसणं थांबवलं. "थांब. आधी हे बदल."

तिने आपल्या पेटीतून एक लांब पॅड काढून दिलं. "हे रात्रीचं. मागून रुंद असतं, झोपल्यावर रक्त मागे जातं म्हणून. झोपायच्या आधी नवं लावायचं, जाग आली तर बदलायचं. एवढंच. यात चंद्र कुठे येतो सांग मला."

"आणि ते आत घालायचं टॅम्पॉन?"

"तेही चालतं. पण सगळ्यात लहान घ्यायचं आणि आठ तासांच्या वर कधीच ठेवायचं नाही, ताप येऊन जिवावर बेतू शकतं. त्यापेक्षा पहिल्या रात्री पॅड लाव आणि घोरत पड."

धुऊन, बदलून आल्यावर हानाचं डोकं जरा चालायला लागलं. तिने बादलीकडे बघितलं. पिवळी पट्टी निळी कशाने झाली? रक्ताने, की त्या चंद्रपट्टीने?

तिने कोरी, न वापरलेली चंद्रपट्टी स्वच्छ पाण्यात बुडवली आणि नवी पिवळी पट्टी लावली.

निळी!

"ऑटिली, यात माझं रक्तच नाहीये. तरी निळी झाली!"

ऑटिलीने चंद्रपट्टी फाडली. आत कापसाचा एक पातळ थर आणि पांढरी पूड. तिने चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली. "हे काय आहे माहितीये? तुझ्यामागच्या डब्यात बघ."

मागच्या डब्यात होता खाण्याचा सोडा. गाईच्या पोटात आंबट झालं की पेंडीत मिसळून द्यायचा. प्रत्येक गोठ्यात असतो.

मग हानाला आठवला तो पेला. तो लाल, आंबट चहा सुरईतल्या लाल पाण्यासारखाच दिसत होता की! तिने पेला आणला आणि त्यात चिमूटभर गाईचा सोडा टाकला. फस्स करून फेस आला, आणि लाल चहा काळपट हिरवा. डबक्यातल्या शेवाळासारखा.

"अंबाडीच्या लाल फुलांचा चहा," ऑटिली म्हणाली. "माझी मैत्रीण बर्फ घालून पिते. आंबट असेपर्यंत लाल, सोडा पडला की हिरवा. रक्ताला तू पोतंभर सोडा घाल, असं हिरवं नाही व्हायचं."

हानाच्या डोक्यात सगळं धडाधड लागत गेलं. तिची पट्टी हिरवी होणारच नव्हती. कोणाचीच होत नाही! म्हणजे प्रत्येकीला वाटणार आपल्यातच विष, आणि ती आणखी सात पट्ट्या घेणार. आणि ती खाज? रात्रभर ओल्या अंगाला सोडा लागल्यावर दुसरं काय होणार?

तिने तोच प्रयोग आत्याला दाखवला. आत्या एकदा पेल्याकडे बघे, एकदा सोड्याच्या डब्याकडे. "पण इतक्या बायका... त्या सगळ्या काय वेड्या आहेत?" असं पुटपुटत तिने शेवटी दोरी हानाच्या हातात दिली. पटलं म्हणून की पोरीचं तोंड बघवेना म्हणून, देव जाणे.

आठ वाजता हाना पांढऱ्या पँटमध्ये रिंगणात उतरली. अर्धं लक्ष पाठीमागे होतं, अगदी खरं सांगायचं तर. नटमेगचा चौथा नंबर आला. पँट पांढरीच राहिली.

अकरा वाजता ती सोड्याचा डबा काखेत मारून तंबूत शिरली. माईने सुरई उचलली तशी ती ओरडली, "थांबा! तेच पाणी माझ्या पेल्यात ओता. तुमच्या पट्टीशिवाय हिरवं करून दाखवते."

माईने नाही ओतलं. हानाने आत्याच्या वाटचा उरलेला चहा आणला होताच. सोडा पडला, फेस आला, चहा हिरवा झाला. तंबूत कुजबुज उठली.

माई गोड हसली. "बाळ, तुझ्यातलं विष अजून गेलं नाही. म्हणून जीभ अशी चालते."

"मग सुरईत विष कुठून आलं? तिलाही पहिली पाळी आली का?"

बाया हसल्या. हानाला वाटलं, जिंकले! पण माईने फक्त हात जोडले, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाली, "चंद्र दुखावला." तेवढ्याने हसू विरलं. काही बाया उठून गेल्या, पण बऱ्याच बसून राहिल्या, आणि त्यातल्या एकीने पर्स उघडली. हाना बोलत राहिली, सोडा म्हणाली, चहा म्हणाली, रक्त म्हणाली. कोणीतरी तिला दंडाला धरून हळूच बाहेर काढलं. "झालं हं पोरी, आता दुसऱ्यांना बघू दे."

ती तंबूबाहेर उन्हात उभी राहिली, डबा काखेत. एवढा धडधडीत पुरावा, आणि आत पुन्हा तोच 'आऽऽ'! काय करणार? माणसाला डोळे असतात, पण त्यांनी बघायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं.

तेवढ्यात कोणीतरी तिची बाही ओढली. सशांच्या शेडमधली जूनी, अकरा वर्षांची. तिच्या मुठीत चुरगळलेली चंद्रपट्टी होती. "मला आज सकाळी आली," ती कुजबुजली. "माझी हिरवी नाही झाली. मी मरणार का?"

हाना तिथेच गवतात बसली. "नाही गं. रक्त लालच असतं, जूनी. तुझंही, माझंही, माईचंही. पाळीत विष नसतं, पाप नसतं. रात्री लांब पॅड लाव, भरलं की बदल, आणि अडलं तर विचार. आईला, डॉक्टरला, नाहीतर मला. जो कोणी म्हणेल की विचारू नकोस, त्याच्यापासून चार पावलं लांब राहा."

जूनीने मूठ उघडून पट्टीकडे बघितलं. "आणि डाग पडला तर?"

"तर धुवायचा," हाना म्हणाली. "गार पाण्याने."