आडवी आलेली अक्कलदाढ

मी एक अक्कलदाढ आहे. फार जुनी नाही, पण माझं काम मात्र कायमचं संपलं आहे. कोल्हापुरात डॉक्टर प्रियदर्शनी यांच्या दवाखान्यात एका काचेच्या बाटलीत मी दोन तुकड्यांत पडून असते. शाळेतली मुलं दात दाखवायला आली, की डॉक्टरबाई ती बाटली हलवतात आणि माझा खुळखुळा वाजतो. मुलं हसतात. मित्रांनो, हसा खुशाल. पण माझ्यापायी एका मुलीचे प्राण कंठाशी आले होते, ते ऐका.

तिचं नाव राजनंदिनी. शिवाजी पेठेत तिच्या वडिलांची, अमरसिंहांची, दुधाची डेअरी. आई लवकर गेली, म्हणून थोरली आत्या अंबूबाई हिनंच तिला लहानाची मोठी केली. राजनंदिनी रायफल चालवायची. समोरच्या कागदावरचा बारीक ठिपका टिपताना ती इतकी स्थिर उभी राहायची, की श्वास चाललाय की नाही अशी शंका यावी. राज्याच्या संघासाठीची निवड चाचणी जवळ आली होती आणि पेठेत जो तो तिला विचारत होता, "काय पोरी, यंदा नंबर लागतोय न्हवं?"

तिचे बाकीचे दात केव्हाच येऊन बसले होते. मी मात्र उजव्या बाजूला, खालच्या जबड्यात अगदी मागे, हाडाच्या आत सावकाश घडत होते. आम्ही सगळ्यांत शेवटी, माणसाला चार गोष्टी कळायला लागायच्या वयात येतो, म्हणून आम्हाला अक्कलदाढ म्हणतात. वरच्या माझ्या दोघी बहिणी सरळ उतरल्या. मला जागाच मिळाली नाही. मी आडवी झाले आणि माझं डोकं पुढच्या दाढेच्या कुशीत रुतलं. हिरडीतून माझा एक कोपरा तेवढा वर आला. त्यावर हिरडीची झडप तशीच राहिली आणि तिच्याखाली भाकरीचे कण, शेंगदाण्याचा कूट साचू लागला. ब्रश तिथवर पोचत नव्हता. मी एक घासही कधी चावला नाही, पण सडण्याची जागा मात्र तयार झाली.

पहिली कळ आली ती सरावात. रायफलीच्या दस्त्यावर उजवा गाल घट्ट टेकवावा लागतो. तिनं गाल टेकवला आणि तिचे डोळे भरून आले. नेम हुकला.

अमरसिंह तिला डॉक्टरबाईंकडे घेऊन आले. एक्स-रे काढला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वरच्या दोन्ही दाढा सरळ आहेत, साफ राहतात. त्या काढायचं काही कारण नाही. प्रत्येक अक्कलदाढ काढावी लागते असं नसतं. पण ही खालची आडवी आहे. आज सूज आहे, औषधानं उतरेल. पुन्हा दुखली, सुजली, तर मात्र काढायची. शेजारच्या दाढेलाही ती कीड लावतीय."

घरी येऊन अमरसिंहांनी हे सांगितलं मात्र, अंबूबाई ताडकन उठल्या.

"दाढ काडायची? अमर, डोकं फिरलंय काय तुझं? खालच्या दाढंची शीर डोळ्याला जाती. आमच्या सासरच्या गावात एकानं दाढ काडली आन् डोळा गेला त्येचा. पोरगी नेम कशानं धरंल?"

राजनंदिनी हसली. "आत्या, असलं काय नसतंय." पण ते हसू वरवरचं होतं. मित्रांनो, तिचा जबडा कसा आवळला गेला, ते मला आतून कळलं. आठवडाभरात सूज उतरली आणि डॉक्टरबाईंकडे परत जायचं ती टाळू लागली.

मी पुन्हा दुखले. तिनं लवंग दाबून धरली, मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या. थोडा आराम पडला. तिसऱ्या खेपेला मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि कुणाला कळू न देता घेतल्या. वडिलांनी विचारलं, की म्हणायची, "बरी हाय मी. चाचणी झाल्यावर जातो की दवाखान्यात." गोळीनं कळ दबत होती. पण माझ्याभोवती पू धरला होता, त्याला गोळीचं काय? तो वाट शोधत खाली सरकत होता, जिभेखाली आणि गळ्याकडे.

चाचणीच्या आदल्या दिवशी सकाळी तिला तोंड उघडेना. एक बोट जेमतेम आत जाईल एवढीच फट. जबड्याखाली सूज दगडासारखी टणक झाली होती, अंगात ताप होता. अंबूबाईंनी मायेनंच हळद गरम करून लावली आणि वरून कापडाचा शेक दिला. दुपारपर्यंत सूज गळ्यावर उतरली. राजनंदिनी पलंगावर पुढं वाकून बसली, कारण आडवं झालं की गुदमरायला व्हायचं. अंबूबाईंनी पाण्याचा पेला ओठाला लावला. पाणी गिळवेना, ओठांतून परत आलं. लाळसुद्धा गळत होती. ती काहीतरी बोलली, पण तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा जाड आवाज निघाला.

अंबूबाई पेला टाकून दाराकडे धावल्या.

"अमर! गाडी काड! डोळं गेलं तर जाऊ देत, पोरगी जगली पायजे!"

डॉक्टरबाईंनी तिला दारातच पाहिलं आणि खुर्चीवर बसूसुद्धा दिलं नाही. "काका, इथं नाही. मोठ्या हॉस्पिटलात, आत्ताच्या आत्ता. सूज श्वासाच्या वाटेवर येतीय." त्यांनी फोन करून तिकडच्या डॉक्टरांना तयार राहायला सांगितलं आणि स्वतः गाडीत बसल्या. रस्ताभर त्या राजनंदिनीच्या छातीकडे बघत होत्या. तिच्या घशातली घरघर तेवढी ऐकू येत होती.

तिथं तिला ऑक्सिजन लावला, शिरेतून औषध सुरू केलं. शस्त्रक्रियेला न्यायच्या आधी तिनं डॉक्टरबाईंचा हात धरला.

"मॅडम... डोळा जाईल का?"

एवढे दिवस पोरगी का फिरकली नाही, ते डॉक्टरबाईंना आत्ता कळलं.

"नाही. डोळ्याची शीर वेगळी, दाढेची वेगळी. दाढ काढल्यानं नजर जात नाही. पण खरं ते सगळं सांगते. खालच्या ओठाची शीर तुझ्या दाढेजवळून जाते. काढल्यावर ओठ काही दिवस बधिर राहू शकतो, क्वचित जास्त दिवस. हे आधीच विचारायचं होतंस गं."

जबड्याखाली छेद देऊन पू बाहेर काढला. ती रात्र तिला अतिदक्षता विभागात ठेवली. घरघर थांबून तिचा श्वास मोकळा झाला, तेव्हा दाराशी बसलेल्या अंबूबाईंनी पदरात तोंड खुपसलं.

चाचणी तिच्याविनाच झाली. सूज ओसरल्यावर, तोंड उघडू लागल्यावर, डॉक्टरबाईंनी मला काढलं. हिरडी चिरली, थोडं हाड कोरलं आणि मी अखंड निघत नव्हते म्हणून माझे दोन तुकडे केले. शेजारच्या दाढेत मी खड्डा पाडला होता, तो भरला. ती वाचली.

राजनंदिनीच्या ओठाला बरेच दिवस मुंग्या येत राहिल्या, मग थांबल्या. यंदाचा संघ तिच्याशिवाय गेला, त्याचं तिला वाईट वाटतं. ती पुन्हा सरावाला जाते. जबड्याखाली एक बारीक व्रण राहिला आहे.

मागच्या महिन्यात अंबूबाई एकट्याच दवाखान्यात आल्या. मिश्री लावून लावून काळी पडलेली स्वतःची दाढ दाखवत म्हणाल्या, "ही बी बघ बाई. लई वरसं झाली, भ्यानं कुणाला सांगितलं न्हाय." डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढं सरकवली.

मित्रांनो, आडवी वाढले यात माझा इलाज नव्हता आणि राजनंदिनीचाही नव्हता. माझ्या बहिणींसारख्या सरळ, स्वच्छ अक्कलदाढांना उगाच हात लावू नका. पण जी पुन्हा पुन्हा सुजते, शेजारणीला पोखरते, तिला ठेवू नका. तोंड उघडेना, गिळता येईना, गळा सुजला, तर एक क्षणही घरी थांबू नका. आणि दवाखान्यात गेलात, की नुसती दाढ दाखवून गप्प बसू नका. मनात जी भीती असेल, ती कितीही वेडगळ वाटली तरी डॉक्टरांना विचारून टाका. आम्हा दाढांना फक्त ठणकता येतं. विचारायचं काम तुमचं.